महिन्याची कोरी ओळ

"माझा धाकटा लढाईत गेला, त्याला तीन महिने झाले," बाई दारातच म्हणाली. "आणि परवा त्याची बायको घरी आली."

मास्तरांनी वही उघडली. "बरं. मग अडचण काय आहे?"

"त्याचं लग्नच झालं नव्हतं."

मास्तरांनी मान वर केली. खिडकीपाशी बसलेल्या ताईंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

छापखान्यावरच्या या दोन खोल्यांत तपासाचं काम चाले. तपास ताईंचा. पूर्वी त्या विमा कचेरीत दावे पारखायच्या. माणूस खोटं बोलताना निदान घाम तरी पुसतो, कागद तेवढंही करत नाही, असं त्या म्हणत. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. ते टिपणं घेत आणि भेटेल त्याच्यावर विश्वास ठेवत.

"बसा मावशी," ताई म्हणाल्या. "लग्न झालं असं म्हणतं कोण?"

"ती पोरगी. सैनिक कल्याण कचेरीतला कारकून. आणि माझा थोरला. तो म्हणतो, मीच साक्षीदार होतो, धाकट्याने शपथ घातली म्हणून गप्प राहिलो. आठ महिन्यांपूर्वी, शेवटच्या रजेत, तीस तारखेला. त्या दिवशी पोरगा सकाळी गेला तो दिवेलागणीला आला. कुठे होतास विचारलं तर नुसता हसला. ते हसणं मला आता खातंय."

"सैन्याचे पैसे त्या मुलीला जातील."

"जाऊ देत! मला एवढंच कळू द्या, माझ्या पोराने माझ्यापासून लग्न लपवलं का? लपवलं असेल, तर मी त्याची होते तरी कोण?"

दुसऱ्या दिवशी दोघं बाईच्या घरी गेली. पाण्याच्या टाकीमागची अरुंद गल्ली. दारावर ४१ आकड्याचा पत्रा चकाकत होता.

"नंबर होता म्हणून घर पटकन सापडलं," मास्तर म्हणाले.

"आता सापडतं. तो गेल्यावर सैन्यातले कुणी अधिकारी भेटायला येणार, म्हणून पालिकेने आठ दिवसांत गल्लीभर पत्रे ठोकले. त्याआधी आम्ही म्हणजे 'टाकीमागे, चौथं दार'. त्याची पत्रं त्याच पत्त्यावर यायची. पोरगा मेला तेव्हा कुठे आम्हाला नंबर मिळाला."

आतल्या खोलीत भिंतीला टेकून दोन खाटा होत्या. एकीवरची गादी गुंडाळलेली.

"ही त्याची. पडला की दगड, सकाळपर्यंत कूस बदलायचा नाही. थोरल्याचं उलटं. झोपेत असे करकरा दात खातो की भिंतीपलीकडे मला जाग येते."

तेवढ्यात थोरला आला. मालगुदामात हमालांवर मुकादम होता. तिशी उलटलेली, आवाज नरम.

"दादा, आईला सांगू नकोस, म्हणून पाया पडला हो माझ्या," तो म्हणाला. आईने तोंड फिरवलं.

"आणि तुमचं लग्न?" ताईंनी विचारलं.

"माझा पगार ऐकलात तर तुम्हीच म्हणाल, राहू दे बाबा."

मास्तर हसले. ताई हसल्या नाहीत.

ती मुलगी शिवणकामाच्या कारखान्यात कॉलर शिवत होती. यंत्रांच्या खडखडाटात बोलणं अशक्य, म्हणून जिन्यात उभी राहून बोलली.

"लग्नानंतर चारच दुपारी मिळाल्या आम्हाला. मैत्रिणीच्या खोलीवर. मग त्याची रजा संपली."

"कसा होता तो?"

"शांत. पण डोळा लागला की करकरा दात खायचा. पहिल्यांदा मी घाबरलेच. मग गालावर हात ठेवला की थांबायचा." तिचे डोळे भरले.

रस्त्यावर आल्यावर मास्तर म्हणाले, "ताई, हे पाणी खोटं नव्हतं."

"नव्हतंच. ते कुणासाठी आलं, एवढंच बघायचं."

कल्याण कचेरीतला कारकून तेल लावलेल्या केसांचा, आर्जवी माणूस होता. शिपायांची लग्नं तिथेच नोंदवायची सोय होती. त्याने नोंदवही स्वतःहून पुढे केली. दर महिन्याला एक पान. महिना संपला की तळाशी मोठ्या साहेबांची सही.

आठ महिन्यांपूर्वीच्या पानावर तीस तारखेची नोंद शेवटची होती. मास्तरांनी मोठ्याने वाचली. "वर, शिपाई. राहणार टाकीमागची गल्ली, घर क्रमांक ४१. साक्षीदार, वराचा थोरला भाऊ." खाली तिघांच्या सह्या.

मास्तरांनी पुढची पानं चाळली. नीटनेटकेपणा पाहिला की त्यांच्यातला शिक्षक सुखावत असे. "काय टापटीप आहे! साहेबांच्या सहीच्या वर दर महिन्याला एक ओळ मोकळी सोडलीय."

"दर महिन्याला नाही," ताई म्हणाल्या. "आपल्या महिन्यात सोडलेली नाही. आणखी तीन महिन्यांतही नाही."

"कधी काम जास्त येतं," कारकून म्हणाला.

ताईंनी त्या तीन पानांवरची शेवटची तीन नावं टिपून घेतली. "शिपाई गेला की कुणाला किती मिळतं हो?"

"बायकोला पूर्ण रक्कम आणि जन्मभर पेन्शन. एकटा असेल तर आईबापांना तिसरा हिस्सा. तोही एकदाच."

"एकाच खंदकात, एकाच बॉम्बने मेले तरी?" मास्तरांनी विचारलं.

"बॉम्ब एकच, मास्तर. रकमेचे तक्ते दोन."

"आणि बायकोने पुन्हा लग्न केलं तर?" ताईंनी विचारलं.

"पेन्शन बंद. दिराशी केलं तर मात्र चालू राहते. पैसा त्याच घरात राहतो ना."

"सोयीचं आहे," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

दोन दिवसांनी त्यांनी सगळ्यांना त्याच कचेरीत, मोठ्या साहेबांच्या टेबलाभोवती बोलावलं. बाई एका टोकाला, थोरला आणि ती मुलगी दुसऱ्या टोकाला. कारकून उभा होता. पंखा कुरकुरत होता.

"आधी मावशींच्या प्रश्नाचं उत्तर देते," ताई म्हणाल्या. "तुमच्या मुलाने काही लपवलं नाही. त्याचं लग्न झालं नव्हतं."

बाईने टेबलाची कड घट्ट धरली.

"वहीत सही आहे त्याची!" थोरला म्हणाला.

"सही घरातल्या पत्रांवरून गिरवता येते. पत्ता गिरवताना मात्र घोटाळा झाला. नोंद आठ महिन्यांपूर्वीची, आणि तिच्यात घर क्रमांक ४१. त्या घराला हा नंबर मिळाला धाकटा गेल्यावर, म्हणजे तीन महिन्यांपूर्वी. नवऱ्या मुलाने आपल्या मरणानंतरचा पत्ता सांगितला म्हणायचा."

मोठ्या साहेबांनी वही ओढून घेतली. "पण माझी सही त्याच महिन्यात झालीय. नंतर मध्ये ओळ घुसणार कशी?"

"घुसवावी लागली नाही. जागा राखून ठेवली होती. मास्तरांना ती टापटीप वाटली. दर महिन्याला तुमच्या सहीच्या वर एक ओळ कोरी. कुणी एकटा शिपाई मेला, की त्याची शेवटची रजा कोणत्या महिन्यात होती ते बघायचं आणि त्या पानावर त्याचं लग्न लावायचं. आणखी तीन ओळी भरलेल्या होत्या. मी त्या तीन घरी जाऊन आले. तिन्ही पोरं नोंदीच्या तारखेनंतर मेलीत, आणि त्यांच्या हयातीत एकाही घरात कुणी सून पाहिलेली नाही."

त्या कोऱ्या ओळी मास्तरांनी कौतुकाने मोजल्या होत्या. अजून न मेलेल्या मुलांसाठी हा माणूस दर महिन्याला जागा धरून बसला होता, शाळेच्या बाकावर दप्तर ठेवावं तशी.

"आणि ही?" बाईने मुलीकडे बोट केलं.

"हिने तुमच्या मुलाला झोपलेलं कधी पाहिलंच नाही. हिचा माणूस झोपेत करकरा दात खातो. तुमच्या घरात तसं कोण करतं, ते तुम्हीच सांगितलंत."

बाईची मान सावकाश थोरल्याकडे वळली.

"धाकट्याची विधवा म्हणून पेन्शन घ्यायची, वर्षभराने दिराशी लग्न करायचं. नियमाप्रमाणे पेन्शन चालूच. पगारात जे जमत नव्हतं, ते भावाच्या मरणात जमवलं."

मुलगी रडू लागली. "मी नको म्हणत होते. हा म्हणाला, नाहीतर ते पैसे सरकारच खाणार."

"तिसराच हिस्सा देत होते, आई!" थोरला ओरडला. "शेजारच्या तुकडीतला पोरगा त्याच्याच बरोबर गेला. त्याच्या बायकोला सगळं मिळालं, का तर मरायच्या महिनाभर आधी त्याने लग्न केलं होतं! आपला काय कमी मेला होता?"

कारकुनाला धीर आला. "तेच म्हणतो मी. नियमाने त्याला तिसऱ्या हिश्शाचा माणूस ठरवला. मी पुरता केला. अन्यायच दूर केला की हो."

"त्याबद्दल किती घेता?"

मुलीनेच सांगितलं, "निम्मे."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हात रुमालाला पुसत होत्या. "नियम घाणेरडा आहेच. तुम्ही त्या घाणीत दुकान थाटलंत."

थोरल्याने आईचा हात धरला. "आई, मीही तुझाच ना ग?"

"म्हणून तर फसले," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला. मग ताईंकडे वळली. "त्या दिवशी मग कुठे गेला होता तो?"

"ते मला नाही कळलं, मावशी. पण लग्नाला नाही."

बाईने डोळे मिटले. तेवढं तिला पुरलं असावं.

मोठ्या साहेबांनी कारकुनाला बाहेर बसवलं, फोन केला, कपाटातून एक फॉर्म काढला. आपल्या सह्यांखाली काय चाललं होतं याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. "नोंद रद्द होईल, बाई. आता तुमचा दावा. अविवाहित मृताच्या आईला मुलावर अवलंबून असल्याचं लिहून द्यावं लागतं. बायकोला लागत नाही, पण आईला लागतं. नियम आहे."

"मास्तर, तुम्ही लिहा," बाई म्हणाली. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

मास्तरांनी पेन उघडलं.

"लिहा. मी त्याच्यावर अवलंबून नव्हते. तो चोवीस वर्षं माझ्यावर होता."

मास्तरांचं पेन थांबलं. "मावशी, असं लिहिलं तर तिसरा हिस्साही मिळणार नाही."

"तुम्ही शाळेत खरं लिहायला शिकवायचात ना, मास्तर?"

"हो."

"मग सांगितलं तेवढंच लिहा."