'अ' गटातले सहा म्हातारे

हे घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या. मलाही अजून पूर्ण पटलेलं नाही. आमच्या कासारवाडीच्या घरात भुतंखेतं चालत नाहीत. बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावल्या आहेत आणि मी प्राणिशास्त्राचा पदवीधर आहे.

तरीही.

गेल्या फेब्रुवारीतला तिसरा गुरुवार. दुपारचे सव्वादोन. महाळुंगे.

तिथल्या एका प्रयोगशाळेत मी पांढरे उंदीर सांभाळतो. लकव्यावरचं एक औषध होतं. उंदराच्या मेंदूची रक्तवाहिनी बंद करून त्याचा डावा पंजा लुळा पाडायचा आणि मग औषध टोचायचं. तीन महिन्यांचे उंदीर आठवड्यात धावायला लागले. सगळे खूश. फक्त आमच्या प्रमुख डॉ. सुप्रिया मॅडम म्हणाल्या, "लकवा काय कॉलेजच्या पोरांना होतो का?"

म्हणून मी बारा उंदीर बावीस महिन्यांचे होईपर्यंत पोसले. उंदरांत ती सत्तरी. पाठीवरचे केस गेलेले, पोट सुटलेलं, दुपारी गाढ झोप. पिंजरे धुणारा, डोस टोचणारा गोरक्ष रोज सकाळी त्यांना "राम राम, म्हातारबा" करायचा.

बाराही जणांचा डावा पंजा लुळा पाडला. सहा 'अ' गटात, सहा 'ब' गटात. एका गटाला औषध, दुसऱ्याला मिठाचं पाणी. कोणाला काय, ते मॅडमच्या बंद पाकिटात. आम्हाला कळू नये हाच नियम.

आणि मग अण्णा.

माझे वडील. एकतीस वर्षं प्रेस मशीनवर उभे राहिले. डिसेंबरात एका सकाळी चहाचा कप घ्यायला गेले आणि डावा हात उठलाच नाही. वाचाही गेली. हॉस्पिटलने व्यायाम सांगितला. दोन महिने मी तो हात वर उचलत होतो.

सोडला की पडायचा.

बुधवारी चाचणीचे व्हिडिओ बघताना मला 'अ' गटाचे डावे पंजे हलताना दिसले. बघणारा मी, बाप माझा. दिसणारच.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. वीज बंद, जनरेटर फक्त एसी आणि फ्रीजपुरता. गोरक्ष सकाळचे डोस टोचून घरी गेला होता. मी फ्रीजमधून 'अ'ची बाटली काढली आणि डब्याच्या पिशवीत टाकली. डोस त्रैराशिकाने काढला होता. त्रैराशिक अण्णांनीच शिकवलं होतं.

पिंजऱ्यांपुढून गेलो. म्हातारे निवांत पडले होते. दुपारची वेळ, त्यात काय...

टक.

चाचणीच्या खोलीतून.

टक... टक...

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. तिथे काचेचं उंच नळकांडं असतं. उंदीर आत सोडला की तो मागच्या पायांवर उभा राहून काच चाचपतो. धडधाकट उंदीर दोन्ही पंजांनी, लकवा झालेला एकाच.

मी दार उघडलं.

नळकांडं रिकामं होतं.

काचेवर आतून ओले ठसे होते. चार-चार बोटांचे. सगळे उजव्या पंजाचे.

मी ते पुसले. सुपरवायझर आहे, स्वच्छता माझ्याकडे असते.

संध्याकाळी घरी सुई भरली. अण्णांची बाही वर केली. त्यांनी माझा चेहरा बघितला, हळूच खिडकीकडे बघितलं... आणि उजव्या हाताने माझं मनगट धरलं. ती प्रेसवरची पकड होती.

"सहा," ते म्हणाले.

दोन महिन्यांतला पहिला शब्द.

"काय सहा, अण्णा?"

"सहा."

मी खिडकीकडे बघितलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. काचेवर एका ओळीत सहा ठसे होते. चार-चार बोटांचे.

मी सुई खाली ठेवली.

शुक्रवारी सकाळी गेटवरच गोरक्षने गाठलं. "सायेब, म्हातारबा गेलं. 'अ' मधलं सहाच्या सहा. पार लाकूड झाल्यात, काल दुपारीच गेलं असतील. 'ब' ला काय न्हाई झालं."

सोमवारी पाकीट फोडलं. 'अ' म्हणजे औषध.

"तरुणांत शंभर टक्के आणि म्हाताऱ्यांत हे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून म्हातारे वापरायचे असतात, धम्मरत्न. नाहीतर हे आपल्याला माणसांत कळलं असतं."

मी "हो मॅडम" म्हणालो.

इथे संपायला हवं होतं. म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्याला वाचवलं, छान झालं.

पण अण्णांचा हात तसाच आहे. तो शब्दही पुन्हा आला नाही. आता डावा पायही जड झालाय. डॉक्टर व्यायामच सांगतात. बाटली मी परत केली नाही. फेकलीही नाही. ती आमच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे आहे.

आणि दर गुरुवारी दुपारी खिडकीवर...

टक.

मी मोजतो. नोंद ठेवतो. सवय आहे. इतके महिने सगळे ठसे उजवेच होते.

गेल्या गुरुवारी एक डावा होता.

अस्पष्ट. पण चारही बोटं होती.

नोंदवहीत आम्ही याला 'सुधारणा' लिहितो.

आज दोन डावे होते. अण्णा त्यांच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं... आणि मग फ्रीजकडे.

बाटलीबद्दल मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही.