न ऐकू येणारा भोंगा

"आता?" यामिनीनं विचारलं.

"काही नाही."

तिनं बटण आणखी फिरवलं. "आता?"

"काही नाही. यंत्र चालू आहे ना तुझं, की मला नुसतंच कोंडून ठेवलंयस?" निःशब्द कक्षातून डॉ. हुसेन तांबोळींचा आवाज आला.

डॉ. यामिनी खरवंडीकर हसली नाही. तिनं दार उघडून त्यांना बाहेर काढलं आणि कॅन्टीनवाल्या मावशींच्या सात वर्षांच्या मुलीला आत बसवलं. बटणाला हात लावला नाही. थोड्याच वेळात पोरगी कानांवर हात दाबून बाहेर आली. "आत डास ओरडतोय," असं सांगून, चिक्की घेऊन ती पळाली.

"तेच यंत्र, तोच आवाज," यामिनी म्हणाली. "सेकंदाला सतरा हजार कंपनं. तिला ऐकू येतो. तुला नाही, मलाही नाही."

"मी दगडांचा माणूस. कानाचं मला सोपं करून सांग."

"कानाच्या आत शंखासारखी एक पोकळी असते. तिच्यात केसांसारख्या पेशी असतात. अगदी उंच स्वर शंखाच्या तोंडाशीच पकडले जातात, जाड स्वर खोल आत. पण आत जाणारा प्रत्येक आवाज तोंडावरूनच जातो. घरात उंबऱ्याजवळची फरशी आधी झिजते ना, तसं. आणि झिजलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. तिशीनंतर हा स्वर गेलाच म्हणून समज."

"आणि असा भोंगा तुला कातळवण्यात बसवायचाय. मग त्याचा उपयोग काय?"

"भोंगा ऐकू आला की मोठी माणसं तो बंद करतात, हुसेन. जो ऐकूच येत नाही, तो बंद कोण करणार?"

कातळवण्याच्या डोंगरात पहिला भोंगा तांबोळींनीच बसवला होता. मातीत खोल ठोकलेल्या पोलादी नळ्यांच्या टोकाला त्यांचे भूश्रवणक होते. डोंगर घसरण्याआधी मातीचे कण एकमेकांवर घासतात, तडकतात. माणसाला न जाणवणारी ही कुरकुर भूश्रवणक मोजत. ती एकदम वाढू लागली, की साधारण अर्धा तास हाताशी असे. पण पहिल्या पावसाळ्यात यंत्रं नवी होती. भोंगा तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा डोंगर जागेवर राहिला. धबधबा बघायला आलेले पर्यटक गाड्या वळवून गेले. नगराध्यक्ष भालचंद्र रेडीज, ज्यांना सगळं गाव भाई म्हणे, यांनी नगरपरिषदेत विषय मांडला. सगळ्या नगरसेवकांनी हात वर केले आणि भोंग्याची वायर तोडण्यात आली.

चौथ्या वेळी डोंगर आला. शाळेवरच आला. चौथीच्या वर्गशिक्षिका शलाकाबाईंनी भिंतीला भेग जाताना पाहिली आणि मुलांना मागच्या दारानं बाहेर काढलं. मुलं वाचली. शेवटच्या त्या होत्या, त्या आतच राहिल्या. शलाका ही यामिनीची धाकटी बहीण. चौकशीत 'निसर्गाचा कोप' असा निष्कर्ष निघाला आणि पुढच्या निवडणुकीत भाई पुन्हा निवडून आले.

"बरं, मुलांना ऐकू आला," तांबोळी म्हणाले. "पण त्यांना कळणार कसं काय करायचं ते?"

"चौथीच्या परिसर अभ्यासात डोंगरी तालुक्यांसाठी एक जादा धडा मंजूर झालाय. 'डोंगर बोलतो तेव्हा'. तिरक्या ताटलीत तांदूळ, वरून थेंबथेंब पाणी. तांदूळ कधी सरकतात ते मुलं बघतील. मग आवाजाचा प्रयोग. आणि शेवटी नियम. डास ओरडला की खाली पळायचं नाही, माती तुमच्यापेक्षा जोरात पळते. आडवं चालायचं, डोंगराच्या सोंडेवरच्या कातळापर्यंत. कुणाला हाक मारायला थांबायचं नाही."

"आणि मोठी माणसं?"

"त्यांना फोनवर संदेश. तो दुसरा टप्पा."

"कधी?"

"पहिला नीट चालला की."

तांबोळी तिच्याकडे वळले. "यामिनी, तू हा धडा पोरांना शिकवते आहेस की भाईंना?"

"चौथीचं पुस्तक भाई कशाला वाचतील?" ती म्हणाली आणि यंत्राची वायर गुंडाळू लागली.

*

उंच स्वर हवेत लवकर विरतो, म्हणून कातळवण्यात विजेच्या प्रत्येक खांबावर एकेक डबी बसवावी लागली. दर शनिवारी सराव होई. डबी किरकिरली की चौथीची मुलं पाटी-दप्तर टाकून उठत आणि ओळीनं आडवी चालत कातळावर जाऊन बसत. गुरुजींना काहीच ऐकू येत नसे. मुलं उठली की ते त्यांच्या मागोमाग निघत. गावातले कुत्रे पहिले काही शनिवार रडले आणि मग त्यांनी नाद सोडला. मोठ्यांच्या दृष्टीनं तो 'पोरांचा डास' होता, पोरांचा खेळ.

यामिनी सरावाला येई तेव्हा भाई तिला नमस्कार करत. ती नमस्कार परत करी. मोठ्यांना पाठवायचा संदेश कधीच तयार झाला होता. तिच्या फोनवर त्यासाठी एक कळ होती, 'मोठ्यांना कळवा'. ती तिच्या बोटाशिवाय चालत नसे. हे तिनं तांबोळींना सांगितलं नव्हतं.

डोंगर घसरलाच तर कुठल्या पट्ट्यात येईल याचा नकाशा तिच्याकडे होता. घरं तिथून हलवली गेली होती. आता त्या पट्ट्यात दोनच इमारती उरल्या होत्या. एक पत्र्याची नवी शाळा, जिथं फक्त चौथीचा वर्ग भरे, आणि तिला लागून, दरड उपसून साफ झालेली सपाट जागा फुकट मिळाली म्हणून भाईंनी बांधलेलं नगरपरिषदेचं सभागृह. नकाशाकडे बघताना यामिनीला पुष्कळदा वाटे, की डोंगराला हिशेब कळतो.

श्रावणात, संततधार लागलेली असताना, तिला प्रकल्पाचा अहवाल द्यायला सभेत बोलावलं गेलं. ज्यांनी हात वर केले होते ते सगळे हजर होते. विषय वाहनतळाचा निघाला आणि उपाध्यक्ष सावंत बोलायला उभे राहिले. अध्यक्षांच्या खुर्चीत भाईंनी कानामागचं श्रवणयंत्र चाचपून बंद केलं.

"नवीन घेतलंय भाईंनी," शेजारचे गोठणकर यामिनीला हळूच म्हणाले. "आता विरोधकांचंसुद्धा ऐकू येतं. म्हणून सावंत उठले की बंद."

तेवढ्यात यामिनीच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर डोंगराची आकृती लाल झाली होती. कुरकुर वाढत होती आणि आकडे चढतच होते. तिनं खिडकीकडे पाहिलं. शाळेच्या दारातून पहिली मुलं बाहेर पडत होती. मागून गुरुजी.

पडद्याच्या तळाशी कळ उजळली. मोठ्यांना कळवा.

यामिनीनं फोन पालथा घातला.

तिनं एकेक चेहरा पाहून घेतला. सावंत घाटरस्त्याबद्दल बोलत होते. शलाकाच्या शेवटच्या क्षणी हेच लोक कुठंतरी असंच काहीतरी बोलत असतील, असं तिच्या मनात आलं. थोडा वेळ बसायचं आणि फोन आल्याचं सांगून निघायचं, इतकंच काम होतं.

चहाचे कप घेऊन सुमन शिपाई आत आली. तिनं कधी हात वर केला नव्हता.

"सुमनताई, एक काम कराल? कातळापाशी माझी जीप आहे. त्यात छत्री राहिली. चहा राहू दे, आत्ताच आणा."

"आणते की बाई," म्हणून सुमन गेली.

सावंत बसले. भाईंनी यंत्र पुन्हा चालू केलं आणि लगेच हात वर केला.

"थांबा जरा. कुठंतरी किर्र वाजतंय."

"बॅटरी बघा, भाई."

"बॅटरी नवीन आहे. शनिवारी वाजतं तेच हे. आज शनिवार?"

"गुरुवार."

"भाईंचं नाव चौथीत घाला रे," गोठणकर म्हणाले आणि सभागृह हसलं.

यामिनी हसली नाही. नव्या श्रवणयंत्रांत स्वरावतरण असतं हे तिनं वाचलं होतं. कानाला न पेलणारे उंच स्वर पकडून यंत्र ते खाली आणतं, उरलेल्या पेशींना ऐकू येतील इतके खाली. तिनं माणसांची वयं मोजली होती. कानाला लावलेलं यंत्र मोजलं नव्हतं. अख्ख्या गावातल्या मोठ्या माणसांत भोंगा ऐकू शकेल असा एकच जण होता, सगळ्यांत बहिरा.

भाई तिच्याकडे वळले. "बाई, तुम्ही आवाजातल्या. तुम्हाला येतंय ऐकू?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिनं हो म्हटलं असतं तर सभागृह तत्काळ रिकामं झालं असतं.

"नाही," ती म्हणाली. "मला काहीच ऐकू येत नाही."

ते अक्षरशः खरं होतं.

"झालं? आता वाहनतळ," सावंत म्हणाले.

भाई बसले नाहीत. "सावंत, तुला येतंय?"

"नाही."

"गोठणकर?"

"नाही हो."

"बरोबर." भाई स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मला वाटलं होतं यंत्र बिघडलंय. नातीनं धडा वाचून दाखवला. मोठ्यांना हा आवाज ऐकू येत नाही, असं छापलंय त्यात. तुम्हा सगळ्यांना आला असता, तर मी म्हटलं असतं दुसरंच काही असेल. बाईंनासुद्धा येत नाही आणि मला येतोय. म्हणजे हा तोच. उठा."

"भाई, मागं तीनदा खोटा वाजला होता," कुणीतरी म्हणालं.

"चौथा खरा होता. उठा म्हणतो ना. खाली कुणी पळायचं नाही."

खुर्च्या सरकल्या. भाईंचा शब्द मोडायची कुणाला सवय नव्हती. यामिनीला मात्र उठता येईना. भाईंनी तिच्या दंडाला धरलं, तिच्या खुर्चीला अडकवलेली छत्री काढली आणि दारातून बाहेर पडताना तिच्या डोक्यावर उघडली.

"चला बाई. आडवं चालायचं. धडा तुमचाच ना?"

*

ते कातळावर पोचले तेव्हा चौथीची मुलं तिथं बसून भिजत होती. कुणी कुणाला हाक मारायला थांबलं नव्हतं. नियमच तसा होता. मग डोंगराचा एक तुकडा झाडांसकट उभाच्या उभा सरकला. झाडं बराच वेळ सरळ होती. शाळेचं पत्र्याचं छप्पर त्यात होडीसारखं तरंगलं, सभागृहाची भिंत आत वाकली, आणि नंतर तिथं फक्त लाल माती होती.

सुमन गर्दीतून वाट काढत आली. "बाई, जीपमध्ये सगळीकडं बघितलं, छत्री काय..." तिनं वर पाहिलं. "अगोबाई, ही काय. तुमच्याकडंच होती की."

भाईंनी हातातल्या छत्रीकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं, मग यामिनीकडे. त्यांनी तिला जरा बाजूला नेलं.

"हिला कधी पाठवलंत?"

"सावंत बोलत होते तेव्हा."

"म्हणजे माझं यंत्र बंद होतं तेव्हा." त्यांनी आवाज खाली आणला. "शलाकाबाईंच्या बहीण तुम्ही. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. वायर मी तोडायला लावली, ते मी कधी नाकारलं नाही. पण मला वाटलं होतं भोंगा खोटा आहे. तुम्हाला माहीत होतं, खरा आहे."

"सांगा सगळ्यांना," यामिनी म्हणाली. "तो तुमचा हक्क आहे."

"नाही सांगणार." भाईंनी छत्री मिटून तिच्या हातात दिली. "मी निवडून आलो तेव्हा लोकांनी मला हार घातले, बाई. झोप लागली नाही वगैरे म्हणणार नाही, लागली. पण हार घालून घेताना मान वाकवावी लागते आणि तेव्हा आपल्याला आपलं सगळं ठाऊक असतं. ते कसं असतं, तुम्हालाही कळू दे."

त्यांच्या नातीनं ओळीतून उठून त्यांचा सदरा ओढला. "आजोबा, मोठ्यांना तर ऐकूच येत नाही. मग तुम्ही सगळे कसे आलात? कुणी सांगितलं?"

"बाईंनी," भाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "ह्या बाईंच्या धड्यानं वाचलो आपण सगळे."

तेही अक्षरशः खरं होतं.

सावंतांनी हात जोडले. गोठणकर रडू लागले. सुमन पुढं झाली, भिजलेला पदर खोचला आणि यामिनीच्या पायाशी वाकली. तिच्यामागं आणखी माणसं येत होती. यामिनीनं भाईंकडे पाहिलं. ते श्रवणयंत्र काढून रुमालानं पुसत होते आणि त्यांचं पूर्ण लक्ष तिच्याकडे होतं.

गुरुजींनी मुलांना उभं केलं. "बाईंना काय म्हणायचं?"

अख्ख्या चौथीनं हात जोडले आणि वर्गात म्हणतात तसं, एकसुरात लांबवत म्हटलं, "ध-न्य-वा-द, बा-ई."

हा आवाज कुठल्याही वयाच्या कानाला ऐकू येईल असा होता.