पडद्याखालचे पाय

गिऱ्हाईक दारात आलं की चांगल्या घरची मुलगी पडद्यामागे जाऊन उभी राहत नाही, असं आत्याचं म्हणणं होतं, आणि ते ती गुरुवारपासून घटकेघटकेला म्हणत होती. कात्री चालवताना म्हणत होती, इस्त्री फिरवताना म्हणत होती, तोंडात टाचण्या धरूनही म्हणत होती.

"पंधरा मिनिटं उभा होता बिचारा. मी सांगितलं, बाहेर गेलीय. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. तुझ्यापायी बोलले."

भाची मान खाली घालून स्क्रू फिरवत राहिली. स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता.

दुकान आत्याचं, शिवणकामाचं. दाराजवळचं हातभर टेबल तेवढं भाचीचं. तिथं ती व्हिडिओ गेमचे कंट्रोलर दुरुस्त करायची. एका अंगाला शिलाई मशीन, दुसऱ्या अंगाला सोल्डरिंगचा धूर, आणि मधे कपडे घालून बघायला लावलेला निळा पडदा... जमिनीपासून वीतभर आखूड. कापड कमी पडलं होतं, आणि घरच्या कामाला आत्या नवं कापड फाडत नसे.

तो पहिल्यांदा आला तो कोटाचं बटण लावून घ्यायला. बटण लागेपर्यंत त्याची नजर टेबलावर गेली, टेबलावरून तिच्या बोटांवर, आणि तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी तो कंट्रोलर घेऊन हजर.

"बोट न लावता डावीकडे सरकतो," तो म्हणाला.

"कंट्रोलर की तुम्ही?" तिनं विचारलं. कारण तो सरकत सरकत टेबलाच्या डाव्या कडेशी, तिच्या कोपरापाशी आला होता.

दुरुस्ती झाली की ती एकच गेम लावून तपासायची. 'खडकावरचा दिवा', भाग दुसरा. समुद्रातल्या खडकावर एक बाई दीपगृह सांभाळते, भाऊ बोट घेऊन गेलाय, त्याची वाट बघते. जिना चढताना सातव्या पायरीवर ती थांबते आणि वरचा दिवा तीनदा मंद होतो. बस, एवढंच. पण या तीन वेळांवर चाहत्यांचा जीव. पुढे तिसरा भाग आला आणि सातव्या पायरीवर दिवा हललाच नाही. झालं... चाहत्यांच्या मंचावर दोन तट पडले. जुने म्हणाले, गेमचा आत्माच काढला. नवे म्हणाले, आधी शेवटपर्यंत खेळा. भाची जुन्यांची पुढारी. मंचावरचं तिचं टोपणनावच 'सातवी पायरी'.

"तिसऱ्या भागावर नाही तपासत?" त्यानं विचारलं.

"एक तास खेळले. पुरे झालं."

"एका तासात कळतो गेम?"

"मला माणूस पाच मिनिटांत कळतो."

"मग मी कसा आहे?"

तिनं सोल्डरची तार उगीचच सरळ केली. "तुमची पाच मिनिटं अजून व्हायचीत."

मग तो दर गुरुवारी यायला लागला. कधी स्वतःचा कंट्रोलर, कधी मित्राचा.

"मित्र फार दिसतात तुम्हाला."

"तीन."

"आणि कंट्रोलर आठ झाले."

"हात जड आहेत त्यांचे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. ती सोल्डरिंग करत असली की तो छोटा टॉर्च धरायचा, आणि धुराला धक्का लागू नये म्हणून श्वाससुद्धा धरायचा. एकदा तिनं मुद्दाम वेळ लावला. बिचारा पार जांभळा पडायला आला, पण टॉर्च हलला नाही.

दोघं तावातावानं भांडायची, आणि आत्या मशीन चालवता चालवता ऐकायची. चार इयत्ता शिकलेली बाई, गेममधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण एकदा मशीन थांबवून म्हणाली, "मापाला जुना शर्ट दिला तर त्याचं माप घ्यायचं असतं. ठिगळं नाही उतरवायची."

तो खळखळून हसला. भाची फुगून बसली. पण त्याच्या हसण्यात काहीतरी अडकलंय, हे तिला जाणवलं होतं. विचारलं मात्र नाही.

गेल्या सोमवारी तो अवेळीच आला. हातात कंट्रोलर नव्हता.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "तिसऱ्या भागातले दिवे... मीच केले. दुसऱ्या भागात दिवा मंद व्हायचा ती चूक होती. करणाऱ्याचा हिशेब चुकला होता. सातव्या पायरीवरून मी तो काढला."

तिचा हात टेबलावरच थांबला.

"लोकांनी पुष्कळ शिव्या दिल्या. त्या विसरलो. एक वाक्य तेवढं पाठ झालंय." त्यानं ते शांतपणे म्हणून दाखवलं. "'ज्याने हा दिवा स्थिर केला, त्याने आयुष्यात कुणाची वाट पाहिलेली नाही.' दोन हजार लोकांना पटलं ते. म्हटलं, खरंच असेल. काम सोडलं. आता पंख्याच्या जाहिरातीत उजेड पाडतो. चौथ्या भागासाठी बोलावलंय त्यांनी. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय. नाही म्हणणार आहे."

वाक्य तिचं होतं. शब्दन् शब्द तिचा. लिहून झाल्यावर तिनं ते तीनदा वाचलं होतं, आणि स्वतःवर खूश होऊन झोपली होती.

"बरं," एवढंच तिच्या तोंडून निघालं. बरं. त्या एका शब्दाची तिला नंतर मंचावरच्या वाक्याइतकीच शरम वाटली.

मंगळवारी आणि बुधवारी, हातातली कामं बाजूला सारून, तिनं तिसरा भाग शेवटापर्यंत खेळला. सातवी पायरी आली, गेली. दिवा स्थिर. वादळ आलं, दिवा स्थिर. अगदी शेवटी म्हातारी झालेली ती बाई सातव्या पायरीवर टेकते, आणि खालच्या दाराची कडी वाजते. भाऊ दिसत नाही. फक्त वर दिवा मंद होतो... एकदा, दोनदा, तीनदा.

त्यानं ती चूक टाकली नव्हती. जपून, योग्य जागी नेऊन ठेवली होती. भांडताना एकदाही बोलला नाही, कारण दुसऱ्याला शेवट सांगायचा नसतो.

कंट्रोलर मांडीवर ठेवून ती बसून राहिली. तोंड धुतलं तरी तोंड जळत होतं. म्हणून गुरुवारी पडदा.

आणि आज शनिवार. दुपारी चारला काचेपलीकडे त्याचा कोट दिसला. तिचे पाय मेंदूला न विचारताच निघाले.

"भाची आहे का?" त्यानं विचारलं.

आत्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. "आहे. पडद्यामागं आहे. पाय दिसतायत."

पडद्यामागे भाचीनं आपल्या पायांकडे पाहिलं. डाव्या चपलेवर सोल्डरचा थेंब थिजून बसला होता. लपायला आता काही उरलंच नव्हतं.

ती बाहेर आली. त्याच्या कोटाच्या बटणाकडे बघत म्हणाली, "ते वाक्य... सातवी पायरी म्हणजे मी."

त्याचा चेहरा एकदम उतरला. स्टुलावर बसला आणि टेबलावरचा छोटा टॉर्च उचलून त्याचं बटण नुसतंच दाबत राहिला. लागला, विझला. लागला, विझला.

"सोमवारी सांगता आलं असतं," तो शेवटी म्हणाला.

"आलं असतं. जीभ उचलली नाही."

"लिहिताना बरी उचलली होती."

हे लागलं. लागायलाच हवं होतं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "शेवटपर्यंत खेळले. कडी वाजते तिथपर्यंत. दिवा तीनदा मंद होतो."

टॉर्च थांबला.

"पाहिलात?"

"पाहिला. आणि रडले, ते सांगायचं नव्हतं. सकाळी मंचावर लिहिलंय, त्याच जागी, त्याच नावानं. न खेळता बोलले, चुकले, म्हणून."

"किती जणांना पटलं?"

"अकरा. शिव्या देणारे वेगळे."

त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. "कुणाची वाट पाहिलेली नाही म्हणे मी," तो हळूच म्हणाला. "गुरुवारी पंधरा मिनिटं कशाची बघत होतो मग?"

तिच्या डोळ्यांसमोर सगळं दुकान विरघळलं. "चौथा भाग कर," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठं गळून पडलं, तिलाही कळलं नाही. "मी वाईट म्हणेन, चांगलं म्हणेन... पण शेवट पाहिल्याशिवाय काही म्हणणार नाही."

"तू," तो म्हणाला, आणि तेवढ्यावरच थांबला. मग खिशातून फोन काढला, दोन ओळी लिहिल्या, पाठवल्या. "कळवलं. करतो म्हणून."

तो हात पुढे करणार की नाही या विचारात होता, तोवर तिनं त्याच्या हातातला टॉर्च काढून घेतला. बोटं मात्र तिथंच ठेवली.

मशीनचं चाक थांबलं. आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि भाचीकडे पाहिलं.

"ऐक. अंगात न घालता शर्टाला नावं ठेवलीस, ते चुकलीस. त्याची लाज वाटली, ते बरं झालं. पण लाज वाटली म्हणून लपलीस, आणि मला खोटं बोलायला लावलंस, ते मला आवडलं नाही. पुन्हा चुकलीस तर समोर उभी राहून चूक. आणि तो पडदा काढ आता. उद्या वीतभर कापड जोडते त्याला."

थोडं थांबून ती म्हणाली, "नाही, राहू दे आखूडच."