रिकाम्या लॉरीचे पाटे

कामथडीच्या फाट्यावर शफी पाटेवाला म्हणून एक गडी व्हता, त्याची ही गोष्ट. हसायचं तर हसा, पण मधीच उठून जाऊ नका.

गाडीच्या चाकावर लोखंडी पाटे एकावर एक रचलेले असत्यात, ज्यांच्यावर समदं वजन झुलतं. ते बसले की भट्टीत तापवायचे, घनानं ठोकायचे आन परत बाक द्यायचा, हा शफीचा धंदा. चाळीस वर्षं केला. टेम्पो, ट्रॉल्या, जुन्या एसट्यासुदिक. त्याच्या हातची गाडी परत बसून आली, असं एकदाबी झालं न्हाई. पण आता मनगटं गेली व्हती. घन उचलला की खांद्यातनं कळ थेट कानापतुर जायची. भोरात घरी त्याची बायको मलिका वाट बघून कावली व्हती.

"ही शेवटची गाडी," त्यानं तिला फोनवर सांगितलं. "शुक्रवारी शटर वढतो. मग हायेच मी घरी, तुझी बोलणी खायला."

"खा की. दात ऱ्हायल्यात का पण?"

शेवटची गाडी म्हंजे फौजेची जुनी लॉरी. पानशेतच्या अमृतनं लिलावात घेतलेली. हॉटेलाम्होरं शोभेला उभी करायची, लोकांनी मागं बसून फोटो काढावं म्हणून. हिरवा रंग पापुद्र्यानं सुटलेला, नंबराच्या आधी वर त्वांड केलेला बाण, हौद्यात दोन्ही कडंला लाकडी बाकं. कुठल्या लढाईत गेली व्हती कुणाला ठावं. मागच्या फाळक्याला बोट जाईल एवढं एक भोक व्हतं, आन त्याच्या कडा आतल्या अंगाला वळलेल्या.

शफीनं पाटे सोडले, ठोकले, चढवले. मग ऱ्हायली बसवणी. नवे पाटे चढवले की मागं माणसं बसवायची, वजन आलं की खालनं बोल्ट आवळायचे, मग माणसं उतरवायची. उस्तादानं शिस्त लावलेली: खालनं मोठ्यांदा "बसा" म्हणायचं, काम झालं की मोठ्यांदा "उतरा". त्याबिगर कुणी हलायचं न्हाई, कारण गाडीखाली माणूस असतो.

माणसं समोरच्या गेनबाच्या चहाच्या टपरीवरनं यायची. त्या दुपारी ऊन असं, की टपरीवर काळं कुत्रं न्हाई. शफी आपला गाडीखाली आडवा, डोळे मिटायला आलेले. सवयीनं त्वांडातनं गेलं, "बसा!"

आन पाटे बसले.

शफीला वाटलं, गेनबानं माणसं धाडली. त्यानं बोल्ट आवळले, कण्हत कण्हत भाईर आला. हौदा मोकळा. आता मोकळ्या हौद्याला काय "उतरा" म्हणायचं? त्यानं त्वांड धुतलं आन तिथंच बाजेवर पडला.

दुसऱ्या दिवशी लॉरी खालीच. पाटा आन चासीच्या मधी चार बोटं जागा पायजे, तिथं एक बोट जाईना. शफीनं एक पाटा जादा घातला. सांजच्याला ती परत तेवढीच खाली. मग त्यानं ती वजनकाट्यावर नेली. कागदापेक्षा दीड टन जास्त भरली.

"चाचा, आत दगडं भरल्यात का?" काटेवाला म्हणला.

शफीनं मागं बघितलं न्हाई.

येताना वळणावर लॉरी कलली, की मागं काय तरी समदं एका अंगाला रेलायचं आन परत सरळ व्हायचं. केबिनात भिजलेल्या लोकरीचा वास सुटला व्हता. मे महिन्यात.

गुरुवारी अमृतचा फोन. "चाचा, उद्या उद्घाटन हाये. सकाळी डायवर धाडू ना?"

"धाड," शफी म्हणला, आन घन उचलायला गेला तर हातच वर येईना. चाळीस वर्षांचं नाव, आन शेवटची गाडी बसलेली. तो भट्टीशेजारी खाली बसून ऱ्हायला.

गेनबा चहा घेऊन आला. हा मूळचा हिर्डोशीचा, फौजेत डायवर व्हता. त्यानं हौद्यात चढून बाकावर हात ठेवला आन लगेच काढला.

"शफी, सावलीतली फळी ही. गरम कशी रं?"

बाकांवर धूळ व्हती, पण मधी मधी पुसलेली. या कडंला नऊ जागा, त्या कडंला नऊ.

गेनबा खाली उतरला. आवाज बारीक करून म्हणला, "तू ह्यांना बसा म्हणला व्हतास का?"

"कुणाला?"

"ते सोड. म्हणला व्हतास का?"

"व्हय. सवयीनं."

"मग उतरा म्हण की. आमच्यात हुकमाबिगर कुणी उतरत न्हाई. आमी एकदा बर्फात सतरा तास बसलो व्हतो."

"म्हाताऱ्याची चेष्टा करतोस व्हय?"

"मी चाललो," गेनबा म्हणला, आन कप तिथंच टाकून गेला.

शुक्रवारी सकाळी डायवर यायच्या आधी शफीनं फाळका पाडला. हसायला कुणी न्हाई ना, बघून घेतलं. घसा खाकरला.

"उतरा."

लॉरी हलली. एक झटका, आन पाटे केसभर वर आले. मग दुसरा. मग तिसरा. दोन झटक्यांच्या मधी एका उडीला लागतो तेवढाच येळ. एकाला मात्र लई येळ लागला, जसं कुणी धरून उतरवावं.

शफीनं मोजलं. अठरा.

वाकून माप घेतलं. नीट चार बोटं.

डायवर आला, लॉरी घेऊन गेला. खड्ड्यांवरनं ती करडावाणी उड्या मारत गेली. शफीनं घन कोपऱ्यात ठेवला, भट्टीवर पाणी वतलं. मलिकाचा फोन आला.

"निघालात का?"

"शटर वढलं की निघालो."

फोन कानाला लावूनच तो भाईर आला, आन फाळका पाडला व्हता त्या जागंकडं त्याचं ध्यान गेलं. पिठावाणी धूळ. तिच्यात बुटांचे ठसे, जोडीजोडीनं. नऊ म्होरं, नऊ मागं. कवायतीतल्या विश्रामवाणी पाय फाकलेले, टाचांमधी वीतभर अंतर. समद्यांची टोकं त्याच्याकडं. लांब जाणारा एकबी ठसा न्हाई.

पुढं काय म्हणायचं ते उस्तादानं शिकवलंच नव्हतं.

"जावा," तो म्हणला. "घरी जावा, बाबांनो."

धूळ हलली न्हाई.

"अवो, कुणाशी बोलताय?" मलिका फोनात विचारत व्हती. "येताय न्हवं?"

शफी लई दमला व्हता. कपाळावरचा घाम पुसायला त्यानं उजवा हात वर नेला.

खट्ट. एकच आवाज.

धुळीतल्या अठरा जोड्यांच्या टाचा आता जुळलेल्या व्हत्या.