चाचणीसाहेब येऊन गेले

ही गोष्ट खरी आहे.

शपथ घेत नाही, कारण शपथा घेणाऱ्यांवर माझा स्वतःचाच विश्वास नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे आणि तिला थापा मारता येत नाहीत. तेवढी कल्पनाशक्ती आमच्या घराण्यात कुणालाच नाही.

रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच. मंगळवार होता, दुपारचे चार वाजले होते आणि जागा म्हणजे दोनशे चाळीस खुर्च्यांचा एक बिनखिडक्यांचा हॉल.

घरात तिला सगळे मिनिटकाटा म्हणतात. कंपन्यांच्या परिषदा भरवणं हे तिचं काम. मुलाच्या वाढदिवसालाही तिने कार्यक्रमपत्रिका काढली होती. ४.१० केक. ४.१५ रडणे.

मुलगा ४.१५ ला रडला. अशी बाई.

मागच्या वर्षी मात्र तिची फजिती झाली. जेवणापर्यंत हॉल गच्च. जेवणानंतर... मंचावर वक्ता आणि समोर सात माणसं. त्यातली दोन झोपलेली.

यंदा साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, लोक खिळून बसले पाहिजेत. जन्मभर लक्षात राहील अशी परिषद करा."

"होईल, साहेब."

"जेवणानंतर खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर तुमचीही रिकामी करावी लागेल."

हे ते हसत म्हणाले. माणसाला काढून टाकतानाही ते हसतातच. आणि मिनिटकाट्याचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं.

ती कामाला लागली. भाषणं कापली, मध्ये खेळ घातले, जेवणातून झोप आणणारं सगळं वगळलं. मग नोंदणीचा फॉर्म बनवला. फॉर्म चालतो का हे बघायला या धंद्यातली माणसं एक खोटी नोंद करतात. तिनेही केली.

नाव: चाचणी. कंपनी: चाचणी.

शेवटचा प्रश्न होता, 'परिषदेकडून तुमची अपेक्षा काय?'

ती वैतागलेलीच होती. तिने लिहिलं, 'कुणीही उठून जाऊ नये.'

आणि ती नोंद पुसायची राहिली.

एवढीच चूक.

सोमवारी दुपारी ती हॉलवर गेली. आदल्या दिवशी ती प्रत्येक खुर्चीत एकदा बसून बघते. मंच दिसतो का, खांब आड येतो का. दोनशे चाळीस उठाबशा. गुडघ्यांचे डॉक्टर तिला घरचंच माणूस समजतात.

एसी जोरात होता. खुर्च्या गारठलेल्या. तिसऱ्या रांगेतल्या चौदाव्या खुर्चीत ती बसली...

आणि ताडकन उठली.

खुर्ची गरम होती.

आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

"दादा, इथे कोण बसलं होतं?" तिने साउंडवाल्याला विचारलं.

"कुणी नाही, ताई. हॉलमध्ये तुम्ही आणि मी. आणि मी सकाळपासून उभाच आहे. बसायला मिळालं असतं तर काय हवं होतं!"

तिने खुर्चीच्या पाठीवरची चिठ्ठी वाचली. यादीवरून छापलेली.

'चाचणी.'

तिला हसू आलं. थोडंसंच. तिने चिठ्ठी फाडली, यादीतली नोंद पुसली, बॅजच्या पेटीतून त्या नावाचा बॅज शोधून त्याचे कात्रीने दोन तुकडे केले. ती खुर्चीही उचलून गोदामात ठेवायला लावली.

मग खुर्च्या मोजल्या. दोनशे एकोणचाळीस हव्या होत्या.

दोनशे चाळीस भरल्या.

पुन्हा मोजल्या...

दोनशे चाळीस.

पण परिषद उद्यावर आली होती. एका खुर्चीला घाबरून नोकरी कोण घालवणार?

मंगळवारी सकाळी ती नोंदणीच्या टेबलापाशी आली. तिथल्या काकू वीस वर्षं हेच काम करतात. एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाहीत.

"काकू, आलं का कुणी?"

"ते चाचणीसाहेब येऊन गेले की. साडेसातलाच. बॅज घेऊन आत बसलेत."

"कुठला बॅज?"

"त्यांचाच. पेटीत होता."

"दिसायला कसे होते?"

काकूंनी तोंड उघडलं...

आणि मिटलं.

"आठवत नाही गं. पण फार सभ्य होते. म्हणाले, आज निवांत बसायचंय."

दुपारी जेवण झालं. आणि काय सांगू, सगळे परत आले! एकही माणूस पळाला नाही. हॉल भरलेला. फक्त तिसऱ्या रांगेतली चौदावी खुर्ची रिकामी होती.

पण तिच्या दोन्ही बाजूंची माणसं कोपर आखडून बसली होती. मध्ये कुणीतरी ऐसपैस बसल्यासारखी.

बरोबर चार वाजता आभार झाले. दिवे लागले.

टाळ्या नाहीत.

खोकला नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज नाही...

कुणीही उठलं नाही.

खरं सांगायचं तर मिनिटकाट्याला आधी आनंदच झाला. लोक खिळून बसले होते की! तिने माइकवर सांगितलं, "चहा तयार आहे."

एकही माणूस हलला नाही. तेव्हा मात्र तिने माइक खाली ठेवला. चहा म्हटल्यावर जागेवर बसून राहणारं ऑफिस तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

कुणाचा तरी फोन वाजला. वाजत राहिला... बंद झाला.

ती पहिल्या रांगेत साहेबांपाशी गेली.

"साहेब?"

साहेब रिकाम्या मंचाकडे बघून हसत होते. पण हातांनी खुर्ची इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ते उठायचा प्रयत्न करत होते.

सगळेच करत होते.

ती तिसऱ्या रांगेपाशी गेली. रिकाम्या खुर्चीसमोर हात जोडून उभी राहिली.

"कार्यक्रम संपला हो... आता उठा. लोकांना घरी जायचंय."

काहीच नाही.

मग खुर्ची करकरली. हळूच. जड माणूस उठावा तशी...

आणि सगळा हॉल एकदम उठला. गप्पा, हशा, चहाकडे धावाधाव. घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं झाली होती.

"झकास झाली हो परिषद!" साहेब रुमालाने डोळे पुसत म्हणाले. "वेळ कसा गेला कळलंच नाही. आणि मी रडतोय कशाला?"

अभिप्रायाचे दोनशे एकोणचाळीस कागद वाटले होते. परत दोनशे चाळीस आले. शेवटच्या कागदावर 'सूचना'खाली एकच ओळ होती.

'अकरा मिनिटं फार कमी पडली.'

मिनिटकाट्याची नोकरी वाचली. वर बढती मिळाली. साहेब इतके खूश की पुढची परिषद दोन दिवसांची ठरवली आहे. काल नोंदणी सुरू झाली. या वेळी तिने खोटी नोंद केलीच नाही.

तरी पहिलं नाव तेच आलं.

आज दुपारी तिचा फोन आला होता. रडवेली झाली होती. साहेबांना सांगावं तर वेड्यात काढतील, नोकरी सोडावी तर घर कसं चालवायचं?

मी म्हटलं, "तू आधी शांतपणे बस. मग विचार कर."



"बसू कुठे रे?" ती म्हणाली. "माझी खुर्ची सकाळपासून गरम आहे."