विजेच्या खोलीतलं पाणी

"अश्विन, डोकं खाली घे गा!" रितिकाने त्याची कॉलर ओढली.

तिघं हुडकेश्वर वस्तीच्या टोकाला, नव्या डेटा सेंटरच्या कुंपणामागे बाभळीआड दबून बसले होते. मे महिन्याचं ऊन नुसतं भाजत होतं. शाळेला सुट्टी लागली आणि वस्तीतला हातपंपच आटला! टँकरवरच्या झोंबाझोंबीत रितिकाच्या आत्याचा, इंदूबाईंचा, हात मुरगळला होता.

"ते पाह्य!" अश्विनची धाकटी बहीण नंदिनी कुजबुजली.

कुंपणाच्या आत पत्र्याची एक खोली होती. दारावर कवटी रंगवलेली: 'धोका! उच्च दाबाची वीज.' पण दाराखालून पाणी वाहत होतं आणि दोन मैना त्यात खुशाल आंघोळ करत होत्या!

"विजेच्या खोलीत पाणी काहून?" रितिकाने विचारलं.

नंदिनीने जमिनीला कान लावला. "खाली घरघर होऊन राहिली. बोअरच्या मोटरसारखी!"

संध्याकाळी कंपनीने मंडप टाकून सभा घेतली. चकाचक बूट घातलेले अपूर्व सर कंपनीच्या वतीने बोलायला उभे राहिले. वस्तीतले वडीलधारे भैय्याजी म्हणाले, "एवढी वीज जाळून तापलेल्या मशिनी थंड ठेवाले पाणी कुठून आणता?"

"काका, डेटा क्लाऊडमध्ये असतो. ढगाला कुठे तहान लागते?" स्वतःच्याच विनोदावर सर खदाखदा हसले. "जमिनीखालचा थेंबही घेत नाही आम्ही!"

रितिका उठली. "मग तुमच्या विजेच्या खोलीतून पाणी काहून वाहून राहिलं?"

सरांचं हसू वाळलं. "ते... खोली धुतो आम्ही. रोज."

"उच्च दाबाच्या विजेवर पाणी ओतता?"

मंडपात खसखस पिकली. अश्विन मुद्दाम घाबऱ्या आवाजात ओरडला, "भैय्याजी, लय धोका हाय! अग्निशमन दलाले फोन लावा!"

भैय्याजींनी लगेच मोबाईल काढला.

"अहो, नका! तिथे वीज नाहीच मुळी!" सर किंचाळले.

भैय्याजींचं बोट मोबाईलवरच थांबलं.

"मग हाय तरी काय तिथं?" इंदूबाईंनी विचारलं.

सारी वस्ती कुंपणाकडे निघाली. मंचावर कचोरी खात बसलेल्या सरकारी अभियंत्यालाही उठावं लागलं. खोली उघडली. आत बोअरचे जाडजूड पाईप आणि धडधडणाऱ्या मोटरी! अभियंत्याने बोअरच्या परवानगीचा कागद मागितला; सरांकडे तो नव्हताच. त्याने सगळ्यांसमोर मोटरी बंद करून सील ठोकलं.

घामाने निथळत सर पुटपुटले, "जरा पाणी मिळेल?"

इंदूबाईंनी दुखऱ्या हातानेच पेला पुढे केला. "हळू प्या, साहेब. टँकरचं हाय. सांडू नका."

सरांनी मान खाली घालून पेला रिकामा केला आणि गाडी गाठली.

"मोठ्यांले जे कुलूप उघडता आलं नाही, ते पोट्ट्यांनी उघडलं!" भैय्याजींनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

आठवडाभरात हातपंपाला गढूळ धार लागली, मग नितळ. रितिकाला बाजूला सारून पहिली घागर नंदिनीनेच भरली!