रविवारपर्यंतचं गुपित

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. फिनलंडमधलं एक लाकडी घर. मार्चची दुपार, ऊन लख्ख, तरी तळं इतकं गोठलेलं की वरून मोटार न्यावी. अंगणातल्या बाबागाडीत, जाड दुलईखाली, दोन महिन्यांचं बाळ झोपलंय. घाबरू नका, तिथली बाळं दुपारी अशीच बाहेर झोपतात, आणि गाढ झोपतात. आता गाडीपासून दहा पावलांवर बघा. तांबूस, झुबकेदार शेपटीची कुत्री बसली आहे. तिचं नाव रुस्का. ती जवळ येत नाही.

बाळाच्या नऊ वर्षांच्या बहिणीचं, हेल्मीचं, हेच दुखणं होतं.

बाळ घरी यायच्या आधी बाबांनी इस्पितळातून त्याची टोपी आणून रुस्काला हुंगवली होती. तिने ती आपल्या अंथरुणात नेऊन ठेवली, सगळे हसले. पण बाळ घरात आलं आणि रुस्का दाराशीच बसू लागली. ते रडलं की उठून बाहेर.

"रेनडिअर राखणारी जात ती," पेत्तेरी मामा फोनवर म्हणाला. "तिला काम हवं, अंगाई नको. पाठव माझ्याकडे."

"बाप्तिस्म्यापर्यंत बघू," आई म्हणाली. "नाहीच रुळली, तर त्या रविवारी तूच घेऊन जा."

रुस्का जाणार नाही, हेल्मीने ठरवून टाकलं. रुस्काला घरातल्या सगळ्यांची नावं ठाऊक होती. 'बाबा कुठे?' म्हटलं की बाबांच्या गुडघ्याला नाक लावून यायची. बाळाचं नाव तेवढं तिला माहीत नव्हतं, कारण ते कुणी उच्चारतच नव्हतं. बाप्तिस्मा होईपर्यंत तिथे नाव गुपित ठेवतात; तोवर तो नुसता पिटुकला. हेल्मीला मात्र सांगून ठेवलं होतं, कारण रविवारी सगळ्यांसमोर ते सांगायचा मान तिचा होता.

"जीभ सांभाळ हं, बाई," आईने बजावलं होतं. "आमच्यात आजवर कुणी आधी फोडलेलं नाही."

सोमवारी शाळेतून येताच हेल्मीने रुस्काला बाबागाडीजवळ ओढत नेलं. "हा आर्वो. कळलं? आर्वो कुठे?"

रुस्काने चाकाला नाक लावलं. हेल्मीने तिला चीजचा तुकडा दिला आणि पुन्हा विचारलं. पुन्हा, आणखी मोठ्याने. मोकळ्या अंगणात आवाज छान दूरवर जात होता.

मंगळवारी "आर्वो कुठे?" म्हटल्यावर रुस्का बाबागाडीला वळसा घालून कुंपणापलीकडच्या झाडांपाशी गेली. तिथे काहीच नव्हतं. तिने नाक पुढे केलं आणि झटकन मागे घेतलं.

बुधवारी रुस्का थबकली ती जागा कुंपणाच्या आत होती. गुरुवारी लाकडांच्या ढिगाशी. बर्फावर रुस्काच्या पंजांखेरीज एक ठसा नाही. हवेत मात्र तापवून निवलेल्या दुधाचा वास होता.

"बाबा, रुस्काला तिकडे कुणीतरी दिसतं."

"खार असेल."

"खार नाव ऐकून येते का?"

"कुठलं नाव?" बाबांनी वर पाहिलं.

हेल्मी रुस्काला हाक मारत तिथून सटकली.

शनिवारी तिने काही विचारलंही नव्हतं. रुस्का आपणहून आली आणि बाबागाडीला अंग चिकटवून, बाहेर तोंड करून उभी राहिली. मानेवरचे केस ताठ, दात उघडे. आईने खिडकीतून एवढंच पाहिलं, की कुत्री बाळापाशी गुरगुरतेय. धावत येऊन तिने बाळ उचललं.

"बस झालं! उद्या मामा नेईल तिला."

"आई, ती बाळावर नाही गुरगुरत!"

"मग कुणावर?"

हेल्मीने मागे वळून पाहिलं. रिकामी बाबागाडी हळूहळू डुलत होती. वारा पडलेला होता.

घरात, बाळ आईच्या कुशीत असताना, तिने एकदाच कुजबुजून विचारलं, "आर्वो कुठे?" रुस्काने बाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दाराकडे तोंड करून बसली.

ते नाव आता बाळाचं राहिलं नव्हतं. हेल्मीने ते अंगणात सांडलं होतं आणि कुणीतरी उचललं होतं. ती रडली नाही. विचार करत राहिली.

रविवारी घरभर कॉफीचा आणि वेलचीपावाचा दरवळ होता. पाहुणे दाटीवाटीने उभे होते. मामाच्या हातात रुस्काला बांधून न्यायचा पट्टा होता. पाद्रीबाईंनी हसून विचारलं, "या मुलाचं नाव काय?"

बाहेर बाबागाडीची चाकं करकरली.

"लाउरी," हेल्मी म्हणाली.

"अगं!" बाबा दचकले. "हेल्मी, थट्टा करायची वेळ आहे का ही?"

"लाउरी. दुसरं चालणार नाही."

पाद्रीबाईंनी आईकडे पाहिलं. आईने हेल्मीच्या चेहऱ्यात काय वाचलं कोण जाणे, तिने मान डोलावली. बाळाच्या कपाळावर पाणी पडलं.

रुस्का उठली. पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत आली, बाळाच्या पावलाला नाक लावून आईच्या पायांशी लवंडली. मामाने मुकाट्याने पट्टा खिशात घातला.

तेव्हा अंगणातून बाळाचं रडणं ऐकू आलं.

सगळ्यांनी लाउरीकडे पाहिलं. तो झोपला होता.

मामा दाराकडे निघाला. हेल्मी त्याच्या आधी पोचली आणि तिने कडी लावली.

रडणं थांबलं. मग उंबऱ्यालगत, अगदी खाली, दार खरवडल्याचा आवाज आला.

हेल्मी गुडघे टेकून बसली आणि दाराच्या फळीशी तोंड नेऊन म्हणाली, "आर्वो इथे राहत नाही."